रघुनाथराव कर्वे : एक अनिर्णित खटला

पूर्णा हे जंक्शनचे गाव. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग येथेच अकोल्याकडच्या मार्गाला मिळतो. निजामाच्या राजवटीत, १९१२ साली, येथून हिंगोलीपर्यंत रूळ पडले आणि तेव्हापासून या गावाला ये-जा करणाऱ्यांची वाण कधी पडली नाही. परभणी आणि नांदेड ही दोन्ही जिल्ह्यांची ठिकाणे येथून तीस-तीस किलोमीटरांच्या आसपास. तेव्हा पूर्णा तालुक्यातील एखाद्या स्त्रीला नको असलेल्या गर्भापासून सुटका हवी असेल, महिना-महिना पाळी थांबत नसेल, किंवा दोन मुलांत अंतर राखावयाचे असेल, तर तिची खरी अडचण अंतराची नाही. ती अडचण केसपेपरच्या खिडकीपाशी सुरू होते. सोबत कोण आले आहे, नवरा कोठे आहे, मुलगे किती, सासरच्यांना ठाऊक आहे काय, हे प्रश्न दुखणे काय आहे या प्रश्नाच्या आधी येतात. वस्तुतः गर्भपाताविषयीचा १९७१ चा कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. स्त्री सज्ञान व मानसिकदृष्ट्या सक्षम असेल तर तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. तरीही ती जागोजागी मागितली जाते, आणि मागणाऱ्याला आपण काही गैर करीत आहोत असे वाटतही नाही.

ज्याचा देह त्याचा निर्णय, ही एवढी साधी गोष्ट मराठी मुलखात ज्या माणसाने प्रथम उघडपणे सांगितली, त्याने तिच्यासाठी नोकरी गमावली, दोनदा दंड भरला आणि हयातभर टवाळी सोसली. रघुनाथ धोंडो कर्वे हे ते गृहस्थ. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव म्हणून त्यांची ओळख करून देण्याची प्रथा आहे. ती खोटी नाही, पण तिच्यामुळे मुलाचे काम वडिलांच्या कामाची एक शाखा असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते अगदी वेगळे, आणि लोकांच्या दृष्टीने पुष्कळच अवघड होते. विधवेच्या शिक्षणाला देणगी देणारे सद्गृहस्थ शेवटी महर्षींना मिळाले. रघुनाथरावांच्या दवाखान्याला देणगी देऊन आपले नाव छापून आणण्याची हौस कोणाला असणार?

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, दापोलीजवळच्या मुरुडचा. नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई वारल्या. १८९३ साली वडिलांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरुडकरांनी त्या कुटुंबावर बहिष्कार घातला. ज्या वयात मुले नुसती खेळतात त्या वयात या मुलाने पाहिले की, एका प्रौढ स्त्रीने व एका प्रौढ पुरुषाने राजीखुशीने घेतलेला निर्णय साऱ्या गावाला आपल्या मालकीचा वाटू शकतो. पुढच्या आयुष्याची बीजे बालपणात शोधण्याचा चरित्रकारांचा छंद नेहमीच विश्वासार्ह नसतो. पण या ठिकाणी तो मोह आवरणे कठीण आहे.

विद्यार्थी म्हणून ते असामान्य होते. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले, १९०४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि वडिलांप्रमाणेच गणिताचे अध्यापक झाले. गणिताच्याच उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा त्यांनी आत्मसात केली होती, आणि शरीर, कामजीवन व संततिनियमन यांवर युरोपात जे शास्त्रीय लेखन होत होते ते त्यांनी मुळातून वाचले. गणिती माणसाला गृहीतक तपासून पाहण्याची खोड असते. संतती ही ईश्वरेच्छा, हे गृहीतक त्यांनी तपासले आणि ते टिकले नाही. स्वतःच्या संसारातही त्यांनी हेच केले. पत्नी मालतीबाई आणि ते, दोघांनी विचारपूर्वक मूल होऊ न देण्याचे ठरविले. शंभर वर्षांपूर्वीच्या ब्राह्मणी मध्यमवर्गात बिनमुलाचे जोडपे दयेचा विषय असे. आपण होऊन बिनमुलाचे राहिलेले जोडपे मात्र लोकांच्या कल्पनेतच बसत नव्हते.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. हिंदुस्थानातील असे हे पहिलेच केंद्र. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी तेथील पहिला दवाखाना काढला. पाचच वर्षांपूर्वी अमेरिकेत मार्गारेट सँगर यांना अशाच दवाखान्यापायी तुरुंगात जावे लागले होते. म्हणजे या एका बाबतीत तरी महाराष्ट्र जगाच्या मागे नव्हता. मागे होता तो महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्ग. कर्वे साधने मागवीत, विकत, ती कशी वापरावीत हे समजावून सांगत आणि येणाऱ्याचे वैवाहिक चारित्र्य तपासण्याच्या भानगडीत पडत नसत. १९२३ साली त्यांनी संततिनियमनावर मराठीत पुस्तकही लिहिले. तेव्हा ते मिशनऱ्यांच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. महाविद्यालयाच्या चालकांना प्राध्यापकाचा हा उद्योग मानवला नाही. १९२५ साली त्यांना नोकरीवर पाणी सोडावे लागले. धर्ममार्तंड हिंदूंचे असोत की ख्रिस्त्यांचे, स्त्रीच्या उदरावरचा आपला हक्क सोडावयास कोणीच तयार नव्हते, एवढे त्यांना यातून कळले असेल. नोकरी गेल्याने मिळकत आटली ती कायमची. काम आटले नाही.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक निघाले. ते २६ वर्षे, संपादकाच्या मृत्यूपर्यंत चालले. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे, आणि त्यावरूनच पुष्कळांनी आतील मजकुराचा निकाल लावून टाकला. आत असे तो मात्र निर्जंतुक केलेल्या शस्त्रासारखा कोरडा, स्वच्छ मजकूर : संततिनियमन, गुप्तरोग, विवाह, घटस्फोट, नग्नता, धर्मभोळेपणा. रघुनाथरावांची शैली अलंकाराला पारखी होती. वाचकाला चुचकारणे त्यांना जमत नसे, वाद घालताना समोरच्याची भीड ते ठेवीत नसत, आणि यामुळे आपल्या बाजूची माणसेही त्यांनी पुष्कळदा दुखावली. हा दोष मानावयाचा तर मानावा. पण ज्या विषयावर बोलताना भल्याभल्यांची जीभ संस्कृत शब्दांचा आडोसा शोधते, त्या विषयावर कोणी तरी सरळ मराठीत लिहिणे त्या काळी आवश्यक होते.

मासिकाचा सर्वांत मोलाचा भाग होता वाचकांच्या प्रश्नोत्तरांचा. आईबापांना, वैद्याला, मित्रालाही जे विचारता येत नाही ते लोक पत्रातून या माणसाला विचारीत. प्रश्न साधेच असत. पण ते ज्याला पडत त्याची झोप उडविणारे असत. कर्वे त्यांना उत्तरे देत. उपदेश करीत नसत, शास्त्राला जे ठाऊक आहे ते सांगत. आणि नेमके हेच सरकारला व सनातन्यांना सहन झाले नाही.

पहिला खटला १९३१ सालचा. व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखाबद्दल त्यांना अटक झाली आणि शंभर रुपये दंड झाला. उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. दुसरा खटला १९३४ सालचा, आणि तो अधिक महत्त्वाचा. या खेपेस आक्षेप होता तो मासिकाच्या गुजराती अंकातील प्रश्नोत्तरांना. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारले होते, संपादकांनी उत्तर दिले होते. गुन्हा म्हणावयाचा तो एवढाच. या खटल्यात कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

या घटनेकडे मराठी वाचकांचे जावे तेवढे लक्ष अजून गेलेले नाही. १९३४ साली बाबासाहेब गोलमेज परिषदांतून परतलेले, अखिल भारतीय कीर्तीचे पुढारी होते. अस्पृश्यांच्या लढ्याला ज्या सनातन्यांनी विरोध केला तेच येथेही समोर होते हे खरे. पण असल्या खटल्याने आपल्या चळवळीच्या नावाला डाग लागेल अशी भीती दुसऱ्या कोणाही पुढाऱ्याला वाटली असती. बाबासाहेबांनी ती बाळगली नाही. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा की, कामजीवनाविषयी प्रश्न विचारणे यात अश्लीलता नाही; प्रश्न विचारला गेला तर त्याचे उत्तर मिळाले पाहिजे; विषयच मुळी अश्लील ठरविला तर शास्त्र लिहिणेच बंद करावे लागेल. समलिंगी प्रवृत्तीविषयी त्यांनी हॅवलॉक एलिस या संशोधकाचा आधार घेऊन न्यायालयाला दाखवून दिले की, ही प्रवृत्ती काही माणसांत जन्मतःच असते आणि तिची चर्चा करणे हा अपराध होत नाही. न्यायालयाला हे पटले नाही. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या यादीतून काढले ते २०१८ साली. दरम्यान ८४ वर्षे लोटली होती.

त्याच वर्षी, १९३४ मध्ये, कर्व्यांचे ‘आधुनिक कामशास्त्र’ प्रसिद्ध झाले. दंडाने त्यांच्या लेखणीवर काही परिणाम झाला असे दिसत नाही.

विरोधक केवळ पुण्या-मुंबईचे सनातनीच होते असेही नाही. राष्ट्रीय चळवळीचे नैतिक नेतृत्व ज्यांच्या हाती होते त्या गांधीजींना कृत्रिम साधने मान्य नव्हती. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांच्याशी बोलल्या, पण गांधीजी आपल्या संयमाच्या मार्गावरून ढळले नाहीत. कर्व्यांना ब्रह्मचर्याचा हा उपदेश अव्यवहार्य तर वाटेच, शिवाय अन्यायाचाही वाटे. कारण संयम सुटला तर त्याची किंमत बाईने मोजावयाची असते. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्येच संततिनियमनाचे सरकारी दवाखाने काढले होते. मुंबई इलाख्यात मात्र १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार रोहम यांनी कायदेमंडळात या विषयावर ठराव मांडला, बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण सभागृहात वाचले, आणि ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या गरीब स्त्रीची बाजू त्या भाषणात जितक्या आस्थेने आली आहे तितकी ती कर्व्यांच्या लेखनातही येत नाही, हे येथे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. कर्व्यांचा वाचक मुख्यतः साक्षर, पांढरपेशा होता. दारिद्र्याचे मूळ वाढत्या लोकसंख्येत आहे, या माल्थसपंथी विचारावर त्यांचा जरुरीपेक्षा अधिक विश्वास होता. या विचाराचे पुढे सरकारी हातांत काय झाले, ते पाहावयास ते हयात नव्हते.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. वडील तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम अंगीकारला होता. ज्या गोष्टीसाठी एका प्राध्यापकाची नोकरी गेली, ती आता पंचवार्षिक योजनेत आली. १९६८ पासून तर सरकारच ‘निरोध’ नावाने ते साधन पानपट्टीच्या दुकानापर्यंत पोहोचवू लागले. लाल त्रिकोण भिंतोभिंती रंगला. वरवर पाहता कर्वे जिंकले.

पण त्यांनी मागितले होते ते हे नव्हते. त्यांनी व्यक्तीला ज्ञान व साधन देऊन निर्णय तिच्यावर सोडला होता. सरकारने आकडा ठरविला आणि व्यक्तीला त्यात बसविले. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात संमत करण्यापर्यंत महाराष्ट्राची मजल गेली. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही, एवढेच. पुरुष बिथरले आणि सरकारने धडा घेतला. तो धडा सक्ती नको असा नव्हता, पुरुष नको असा होता. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी धोक्याची आहे, हे डॉक्टरमंडळी तेव्हाही सांगत होती, आजही सांगतात.

गंमत अशी की, केंद्र सरकारने २००६ साली नसबंदीसाठी जी मानके ठरविली, त्यांत जोडीदाराची संमती आवश्यक नाही हे मान्य केलेले आहे. पण व्यक्ती विवाहित असावी आणि जोडप्याला एक वर्षावरील किमान एक मूल असावे, असेही त्यांत घातले आहे. मूल होऊ न देण्याचे ठरविणारे कर्वे दांपत्य या मानकांत बसले नसते. या देशात संततिनियमनाचा दवाखाना प्रथम काढणारा माणूस संततिनियमनाच्या सरकारी केंद्रातून अपात्र म्हणून परत गेला असता.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक, फार कडू बाजू आहे. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता मानला जातो. उचल घेतलेली असते, आणि एक दिवस कामाला गेले नाही तर खाडा पडून पैसे कापले जातात. फडावर पाणी नाही, आडोसा नाही. पाळीचे चार दिवस म्हणजे चार दिवसांचे नुकसान. अंगावरून जाते, पोट दुखते म्हणून बाई डॉक्टरकडे गेली की पुष्कळदा तिला गर्भपिशवीच काढून टाकण्याचा सल्ला मिळे. २०१९ साली महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या समितीने शेजारच्या बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. तिशी-पस्तिशीच्या बाया त्यांत होत्या. या शस्त्रक्रियांना कोणी सक्ती म्हणणार नाही. अंगठा तर त्या बाईनेच दिलेला असतो. पण शरीरात काय बिघडले आहे, औषधाने भागेल काय, पिशवी काढल्यावर पुढे काय होते, हे ज्याला सांगितलेच गेले नाही त्याचा अंगठा म्हणजे संमती काय? ‘समाजस्वास्थ्य’च्या प्रश्नोत्तरांवर खटला भरणाऱ्यांना जे ज्ञान धोक्याचे वाटले, ते न मिळाल्याने काय होते याचा हा पुरावा आहे. एकीकडे पाळी आलेल्या मुलीला कावळा शिवला म्हणून बाजूला बसवावयाचे आणि दुसरीकडे त्या पाळीचे मूळच कापून टाकावयाचे, या दोन्ही टोकांत पाळी ही शरीराची एक साधी क्रिया आहे, एवढे म्हणावयास जागा उरत नाही.

ज्यांना स्त्री की पुरुष या दोन रकान्यांत बसविता येत नाही त्यांची गोष्ट तर त्याहूनही बिकट. पूर्णा ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्या संस्थानाने १९१९ साली, म्हणजे १३२९ फसलीत, तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याचा आणि स्त्रीवेषातील तृतीयपंथीयाला वॉरंटशिवाय पकडण्याचा कायदा केला होता. संस्थान गेले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. तिकडे तेलंगणात मात्र तो कायदा पुस्तकात तसाच पडून होता आणि तेथील उच्च न्यायालयाने तो रद्द केला २०२३ साली. अलीकडे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने आपले लिंग स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात याच न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही विवाहितेइतकाच सुरक्षित गर्भपाताचा हक्क दिला आणि त्या कायद्यातील स्त्री या शब्दात, गर्भधारणा होऊ शकते अशी, स्वतःला स्त्री न मानणारी व्यक्तीही येते, हे नमूद केले. जन्माने मुलगी पण मनाने पुरुष असलेल्या, पुरुषाच्या वेषात राहणाऱ्या माणसालाही पाळी येते, गर्भाशयाची दुखणी होतात, आणि त्याला स्त्रीरोग विभागाच्या रांगेत उभे राहावे लागते. त्या रांगेतील नजरा चुकविण्यासाठी तो दुखणे अंगावर काढतो. कर्व्यांना हा प्रश्न आजच्या रूपात दिसलेला नव्हता; दिसला असता असे म्हणणे म्हणजे त्यांना नसते श्रेय देणे होईल. पण त्यांना पत्रे लिहिणाऱ्यांत आपल्या देहाचा व मनाचा मेळ का बसत नाही, या विचाराने पोळलेली माणसे होती, आणि त्यांना त्यांनी दरवाजा लावून घेतला नाही. १९३४ साली खटला झाला तो तेवढ्याचसाठी.

अजित दळवी यांच्या नाटकामुळे आणि त्याआधी अमोल पालेकरांच्या ‘ध्यासपर्व’ या चित्रपटामुळे रघुनाथरावांचे नाव पुन्हा लोकांच्या कानांवर आले. नाट्यगृहात टाळ्याही पडल्या. टाळ्या देणाऱ्यांत शिक्षक असतील, कार्यालयांतील कारकून असतील, उद्या रुग्णालयात नेमणूक होणारे विद्यार्थी असतील. केसपेपरच्या खिडकीच्या आतल्या बाजूस बसणारा माणूसही याच वर्गातून येतो. शाळेत प्रजननाचा धडा आला की तो घरी वाचून या, असे सांगून पुढचा धडा घेणारे मास्तरही याच वर्गातले.

पूर्णेहून सकाळच्या गाडीने गेलेली बाई संध्याकाळच्या गाडीने परत येते. तिच्या पिशवीत केसपेपर आहे, त्यावर पुढच्या आठवड्याची तारीख आहे आणि येताना नवऱ्याला घेऊन यावे असे तोंडी सांगितलेले आहे. कागदावर ते कोणी लिहिलेले नाही, कारण लिहिले तर ते कायद्याविरुद्ध ठरेल.